वर्गणी आणि सही

‘सबस्क्रिप्शन’ या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अक्षरशः अर्थ होतो ‘खाली लिहिणे’, म्हणजे कागदाच्या तळाशी आपले नाव घालणे. मराठीत आपण त्याला ‘वर्गणी’ म्हणतो, आणि या शब्दात सही कोठेच नाही. वर्गणी गोळा होते. ती गणपतीची असते, गावच्या सप्ताहाची असते, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाची असते. पावतीवर एकाचे नाव घातले जाते हे खरे. पण त्या एका पावतीवर घरातली सात माणसे आरतीला उभी राहतात आणि प्रसाद वाटणारा कोणाचीच पावती मागत नाही. एका शब्दाच्या पोटात एक माणूस आहे, दुसऱ्याच्या पोटात घोळका. असे भेद आम्ही भाषा शिकवणारी माणसे वर्गात सांगतो, विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, आणि गोष्ट तेथेच राहते. आमच्या घरात मात्र २०२५ च्या जूनपासून या भेदावरून चांगलाच वाद सुरू आहे.

वादाचा विषय आहे एका ऑनलाइन खेळसेवेची वार्षिक वर्गणी. नाशिकला इंदिरानगरमध्ये आम्ही दोन कुटुंबे एकाच घरात खाली-वर राहतो. चुली दोन, पण संध्याकाळचा चहा एक. आणि खेळ ज्यावर नीट चालतात असा संगणकही एकच, तो खालच्या मजल्यावर. २०२२ मध्ये पुतण्या नववीत असताना ही वर्गणी घेतली गेली. पैसे भाऊजींच्या कार्डातून गेले, खात्यावर नाव मात्र पुतण्याचे पडले, कारण फॉर्म त्याने भरला. तेव्हा त्या नावाकडे कोणी लक्ष दिले नाही. हळूहळू त्या एका खात्यावर चार माणसे खेळू लागली. पुतण्या तलवारीचे आणि कोड्यांचे खेळ खेळतो. माझा मुलगा फुटबॉल खेळतो. भाऊजी अंबडच्या कारखान्यात आहेत; रात्रपाळी करून आले की झोपण्यापूर्वी अर्धा तास ते पडद्यावर मालट्रक चालवतात, युरोपातल्या ओल्या रस्त्यांवरून, अत्यंत गंभीरपणे, सिग्नल न तोडता. आणि पुतणी शेती करते. तिचा खेळ पडीक जमिनीच्या तुकड्यापासून सुरू होतो. तण काढावे, दगड वेचावेत, पेरावे, विकावे, मग शेजारी वसवावेत. सातवीत असताना तिने तो सुरू केला. आज तिच्या नदीकाठी बत्तीस घरांचे गाव उभे आहे, त्यातल्या प्रत्येक घराला तिने नाव दिले आहे, आणि कोणते झाड कोणत्या पावसाळ्यात लावले हे ती न अडखळता सांगते.

एका वेळी एकालाच खेळता येते, असा या सेवेचा नियम. त्यामुळे वेळापत्रक आले. फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक आखीव कागद: चार रकाने, परीक्षेच्या दिवसांत रिकामे, दिवाळीत ओसंडून वाहणारे. हा कागद मला त्या खेळांपेक्षा अधिक रंजक वाटत आला आहे. त्यात अर्ध्या तासांची उसनवारी होते, चक्रवाढ होते, ‘तू मला रविवार दे, मी तुला दळण आणून देईन’ असे करार होतात. बागलाणातून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी हे गमतीने सांगितले, तर तो म्हणाला, ‘मॅडम, हा तर फड झाला.’ त्याच्याकडे मोसम नदीवर, आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर, ही पद्धत शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकरी देईल त्या क्रमाने घ्यायचे. जमीन ज्याची त्याची असते, पाणी मात्र पाळीपुरते येते आणि पुढे जाते. आमच्या घरातली पाटकरी म्हणजे माझी जाऊ. ती स्वतः काहीच खेळत नाही, म्हणून तिचा निवाडा सर्वांना मान्य असतो.

पण पाणी आणि खेळाचे खाते यांत एक फरक आहे. पाणी जाते, मागे नोंद ठेवत नाही. खाते मिनिटामिनिटाची नोंद ठेवते, आणि ती एकाच माणसाच्या नावावर. त्या सेवेच्या दृष्टीने आमच्या घरात एक विलक्षण युवक राहतो. तो पहाटे सहा वाजता जर्मनीत लाकडाची वाहतूक करतो, दुपारी वांगी-टोमॅटो लावतो, संध्याकाळी गोल चुकवून हळहळतो आणि रात्री राक्षस मारतो. त्याच्या आवडीनुसार म्हणून जे नवे खेळ सुचवले जातात ते पाहण्यासारखे असतात. एकदा ट्रॅक्टरच्या शर्यतीचा खेळ सुचवला होता, आणि मला त्या यंत्राची दया आली. ते बिचारे चार माणसांची सरासरी काढत होते. एका अर्थी त्याने काढलेले आमचे चित्र चूक नव्हते. एकत्र कुटुंब हे असेच कोणाचेही नसलेले, पण सगळ्यांच्या सवयींचे बनलेले एक माणूस असते. प्रश्न एवढाच की त्या माणसाला नाव कोणाचे द्यायचे.

कंपन्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, हे त्यांचे नियम वाचले की कळते. कायद्याचा मसुदा म्हणून नव्हे, तर गद्य म्हणून ते वाचावेत असे मी विद्यार्थ्यांना सुचवीन. संगणकावरच्या खेळांचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या ‘स्टीम’च्या करारात खेळ विकत घेणाऱ्याला ग्राहक न म्हणता वर्गणीदार म्हटले आहे, आणि त्याने पैसे मोजून घेतलेल्या खेळाला वर्गणी. म्हणजे खेळ आपला होत नाही, खेळण्याची मुभा आपली होते. घरातल्यांना आपले खेळ खेळू देण्याची सोय त्यांनी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिची रीत अशी होती की धाकट्याने दादाचा खेळ खेळत असावे, आणि दादाने स्वतःचा कोणताही दुसरा खेळ उघडला की धाकट्याला काही मिनिटांची मुदत मिळावी; तेवढ्यात खेळ विकत घे, नाहीतर ऊठ. ‘माझी बॅट, माझी बॅटिंग’ हा गल्लीतला न्याय इतक्या निर्विकारपणे लिहिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. २०२४ मध्ये ही रीत बदलली. आता सहा जणांचे कुटुंब नोंदवता येते, प्रत्येकाला आपली नोंद पूर्वीसारखीच वेगळी ठेवता येते, आणि एकाच खेळाची एकच प्रत असेल तरच थांबावे लागते. मात्र कुटुंब सोडून दुसऱ्या कुटुंबात जायचे असेल, तर आधीच्या कुटुंबात आल्यापासून वर्ष पुरे व्हावे लागते. आणि तुमच्या मालकीच्या खेळात घरातल्या दुसऱ्या कोणी लबाडी केली, तर त्याच्याबरोबर तुम्हालाही त्या खेळातून बाद केले जाते.

हे शेवटचे कलम वाचून मला आमच्या घराण्यातली जुनी माणसे आठवली. पुतण्याने कर्ज करावे आणि चुलत्याने फेडावे, असे ते जग. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात ज्याला ‘कर्ता’ म्हणतात त्याची ही आठवण अमेरिकेतल्या एका खेळाच्या दुकानाने अजाणता जागी ठेवली आहे. आपल्याकडे या बाबतीत थोडी वाट चालून झाली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद ठरवले, आणि ते देशभर लागू व्हायला २००५ उजाडले. वडिलार्जित जमिनीत माझ्या पुतणीचा वाटा आज कोणालाही नाकारता येणार नाही. तिने वसवलेल्या बत्तीस घरांवर मात्र तिचा कोणताही हक्क नाही. ती भावाच्या नावावर आहेत.

येथे मला माझ्या आईविषयी लिहिले पाहिजे. नाशिक हे वाचनालयांचे गाव आहे. टिळक पथावरचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे, त्याच्याच आवारात परशुराम साईखेडकर नाट्यमंदिर. पण आमचे माहेर नाशिकरोडला, वडील प्रेसमध्ये नोकरीला, आणि आमची वर्गणी होती घराजवळच्या दोन खोल्यांच्या एका लहान वाचनालयाची. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळे. कार्ड वडिलांच्या नावाचे. वडील वाचत, नाही असे नाही; पहाटेच्या पाळीला जाण्यापूर्वी आणि रविवारी. आजोबा दुपारी वाचत. मी शाळेतून आल्यावर वाचत असे. आणि आई सगळ्यांची जेवणे झाल्यावर, मागच्या दारात, भांडी घासणारी बाई येईपर्यंतच्या तासात वाचत असे. पुस्तक पंधरा दिवसांचे, वाचणारी माणसे चार; त्यामुळे एका पुस्तकात एकाच वेळी चार खुणा असत. वडिलांची बसच्या तिकिटाची, आजोबांची उदबत्तीच्या काडीची, माझी मोरपिसाची, आईची केसातल्या आकड्याची. आकडा नेहमी सर्वांत पुढे असे. तीन दिवसांत तो शेवटच्या पानावर पोचलेला असे, आणि मग ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेई, कारण पुस्तक बदलायला आणखी बारा दिवस असत.

पुस्तक बदलण्याचे काम माझ्याकडे होते. आई कधीही वाचनालयात आली नाही. ती एका चिठ्ठीवर पाच-सहा नावे लिहून देई आणि मिळेल ते मी आणी. काउंटरवरचे काका रजिस्टरात वडिलांच्या खात्यावर नोंद करत आणि वडिलांचे कौतुक करत: तुझ्या वडिलांचे वाचन फार दांडगे. मी मान हलवत असे. आमच्या भागातल्या त्या रजिस्टरात शेकडो पुरुषांची नावे होती आणि त्यांच्यापुढे कादंबऱ्यांची, अनुवादांची, प्रवासवर्णनांची लांबच लांब रांग. त्या काळच्या मराठी वाचकाविषयी उद्या कोणी संशोधन करायचे ठरवले, तर त्याच्या हाती हीच रजिस्टरे येतील, आणि प्रेसमधल्या कामगारांना कौटुंबिक कादंबऱ्यांची केवढी गोडी होती असा निष्कर्ष तो काढील.

आईची म्हणून एकच नोंद असे, आणि ती रजिस्टरात नव्हती. वाचून झालेले पुस्तक पुन्हा घरात येऊ नये म्हणून ती एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक टिंब देत असे. अशी खूण करणाऱ्या ती एकटीच नव्हती. कोणाची फुली असे, कोणाची दोन रेघांची बरोबरी, कोणी पान क्रमांकाला गोल करी. पुस्तक हातात आले की मी आधी एकविसावे पान उघडत असे. पुस्तकांवर खुणा करणे वाईट, हे मीही विद्यार्थ्यांना सांगते. पण त्या वाचनालयात खरोखर कोण वाचत होते हे जर कोठे लिहिलेले असेल, तर ते त्या टिंबांत आणि फुल्यांत.

वडील २००९ मध्ये गेले. अनामत परत घेण्यासाठी आणि नव्याने सभासद होण्यासाठी आई पहिल्यांदा वाचनालयात गेली. कार्डावर नाव बदलून मिळत नसे. जुने खाते बंद, नवे सुरू. तिने फॉर्म भरला आणि तिला सभासद क्रमांक मिळाला. तीस वर्षे वाचल्यानंतर ती त्या दिवशी नवी वाचक झाली. तिला त्याचे काही वाटल्याचे दिसले नाही. घरी येताना रिक्षात ती एवढेच म्हणाली की कपाटे फार उंच आहेत, वरची पुस्तके दिसत नाहीत. मला मात्र ते अजून बोचते, आणि पुतणीच्या भांडणात मी तिची बाजू का घेते याचे कारण बहुधा हेच असावे.

साहित्याच्या अभ्यासकाला हा गोंधळ नवा नाही. मध्ययुगीन मराठी कवितेत नाममुद्रा ही जवळजवळ अशाच खात्यासारखी चालते. ‘नामा’ ही मुद्रा तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांची. पण तीच मुद्रा सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामानेही घेतली, आणि पुढे गाथेत दोघांच्या रचना मिसळल्या. कोणता अभंग कोणाचा हे भाषेवरून, संदर्भांवरून ठरवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. वर्गात हे शिकवताना मी नेहमी चोरी आणि भक्ती यांतला फरक समजावते: दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा त्याचे काही घेत नसतो, आपलेच त्याच्या पदरात टाकत असतो. एक वर्गणी, अनेक वर्गणीदार. एवढ्यावर थांबले तर चित्र मोठे सुंदर दिसते.

पण त्याच परंपरेत जनाबाई आहे. नामदेवांच्या घरची दासी. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर जपले गेले. काही छापील आवृत्त्यांत गोणाई, राजाई, लाडाई अशा घरातल्या बायकांच्या नावावरच्या रचनाही आढळतात. जनाबाईला ‘नामा’ या मुद्रेतच विरून जाणे सोपे होते. तिने तसे केले नाही. ती स्वतःला नामयाची जनी म्हणवते. मुद्रेत मालकाचे नाव षष्ठी विभक्तीत आहे आणि तिचे प्रथमेत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर तेथे कर्ती तीच आहे. एका घराच्या खात्यावर राहून आपली ओळ वेगळी ठेवण्याचा याहून नेमका उपाय मला ठाऊक नाही, आणि ज्या खेळसेवांना अशा उपायासाठी २०१४ साल उजाडावे लागले त्यांच्याकडे मी जरा वरच्या पायरीवरून पाहते, हे येथे नोंदवून ठेवते.

तर जूनमध्ये काय झाले. पुतण्याला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळणार हे दिसू लागले, नवा लॅपटॉप आला, आणि खाते त्याच्याबरोबर जाणार हे गृहीत धरले गेले, कारण नाव त्याचे. भाऊजी म्हणाले, मुलीसाठी दुसरी वर्गणी घेऊ, त्यात काय. पैशाचा प्रश्न नव्हताच. पण नव्या खात्यात गाव येत नाही. साठवलेला खेळ या खात्यातून त्या खात्यात हलवण्याची सोय या सेवेत नाही. पुन्हा पडीक जमीन, पुन्हा दगड. ‘मग पुन्हा वसव, तुला आता येते की,’ असे माझा मुलगा म्हणाला. याच मुलाने मागच्या वर्षी तिच्या कप्प्यावर चुकून आपला खेळ साठवला होता आणि शेवटच्या क्षणी वाचलेल्या जुन्या प्रतीमुळेच घरातले संबंध टिकले, तेव्हा त्याच्या मताला फार वजन मिळाले नाही. पुतण्या मनाने मोठा आहे. तो म्हणाला, ‘तू माझ्याच नावाने खेळत राहा ना, मी कुठे नको म्हणतोय.’

यावर ती जे बोलली ते मला महत्त्वाचे वाटते. तिने गाव मागितले नाही. ती म्हणाली, ‘दादाचे मित्र त्याच्या खात्यावर ते गाव बघतात आणि त्याला विचारतात, एवढे कसे केलेस? तो सांगतो, माझ्या बहिणीने केले. दर वेळी सांगतो. पण त्याने सांगितले नाही तर?’

सगळे गप्प झाले. जाऊबाईंनी पोहे ढवळले. दहावीतल्या मुलीने एवढे खोल बोलू नये अशी मोठ्यांची अपेक्षा असते, म्हणून थोड्या वेळाने भाऊजींनी अभ्यासाचा विषय काढला. माझे मत मी तेव्हाही सांगितले आणि आजही तेच आहे: नाव बदलून तिचे घालावे, आणि बाकीच्या तिघांनी तिच्या खात्यावर खेळावे. ज्याच्या नोंदीत सर्वांत अधिक श्रम आहेत त्याचे नाव वर, हा न्याय साधा आहे. पुतण्याची हरकत नाही. हरकत भाऊजींची आहे, आणि ती मला अनपेक्षित होती. त्यांचे म्हणणे असे की, नाव बदलले म्हणजे मुलगा घरातून गेला हे कागदोपत्री मान्य केल्यासारखे होईल. रेशनकार्डावरून नाव कमी करतात तसे. ट्रक चालवणाऱ्या या माणसाच्या मनात खात्याचा असा अर्थ असेल असे मला वाटले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते खाते मुलाचे नाहीच. मुलगा या घराचा आहे याची ती खूण आहे. आणि मग मला हेही दिसते की माझ्या आईने वडील असताना वेगळे कार्ड कधी मागितले नाही, त्यामागे केवळ मुकाटपणाच असेल असे नाही.

तूर्त नाव तसेच आहे. पुतण्या ऑगस्टमध्ये पुण्याला गेला. पुतणीने आपल्या गावाच्या वेशीवर, खेळात पाट्या लावता येतात त्यांपैकी एक पाटी लावून तीवर स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आहे. आता त्याचे मित्र पाहतील तेव्हा ते आधी वाचतील. फ्रिजवरच्या कागदावर त्याचा रकाना तिने खोडला नाही. उलट शनिवारी रात्री नऊ ते अकरा ही वेळ त्याला दिली, कारण वसतिगृहात इतर दिवशी त्याला सवड नसते.

त्याला वेळापत्रकाची आठवण राहत नाही ही गोष्ट वेगळी. कधी तो सकाळीच खेळ उघडतो, आणि इकडे भाऊजींचा ट्रक हॅम्बुर्गच्या अलीकडे थांबतो व पडद्यावर सूचना येते की हे खाते दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे. भाऊजी वैतागतात. जाऊबाई, ज्यांचा खेळांशी काही संबंध नाही, स्वयंपाकघरातून हात पुसत येतात, ती सूचना वाचतात आणि म्हणतात, ‘उठला वाटतं.’